विमानप्रवास आणि रुग्ण : कोणती सीट घ्यावी?

देशांतर्गत प्रवासात बहुतेक वेळा एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीचे विमान असते. मध्ये एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. स्वस्त तिकिटांच्या विमानांत पुढची-मागची रांग साधारण २८ ते ३० इंच अंतरावर असते. त्यातली काही जागा सीटची पाठच खाते, त्यामुळे गुडघ्यांसाठी फार थोडी उरते. निरोगी माणसाची फक्त गैरसोय होते, पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्रास होऊ शकतो.

गुडघा वाकत नसेल तर

वाटेकडची सीट घ्या, पण कोणत्या बाजूची तेही पाहा. सी सीटवर वाट तुमच्या उजव्या हाताला येते, डी सीटवर डाव्या. म्हणून उजवा पाय ताठ असेल तर सी, डावा असेल तर डी. अधूनमधून पाय वाटेत लांब करता येतो (खाण्याची गाडी आली की आत घ्या). अनेक विमानांत वाटेकडचा हातही वर उचलता येतो. त्याची कळ खाली लपलेली असते, कर्मचाऱ्यांना विचारा. आजी-आजोबांना सीटवर सरकायला याचा मोठा उपयोग होतो.

आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत जागा ऐसपैस असते, पण ती रुग्ण, गर्भवती किंवा मदतीची गरज असलेल्यांना देत नाहीत. पैसे भरून ती निवडू नका, ऐनवेळी उठवतील. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, त्यामुळे पाय पूर्ण पसरता येतीलच असे नाही.

मळमळ होणाऱ्यांनी पंखांजवळ बसावे, तिथे हेलकावे कमी जाणवतात. वारंवार लघवीला जावे लागत असेल तर स्वच्छतागृहाजवळची सीट घ्या. लघवीच्या भीतीने पाणी पिणे बंद करू नका.

रक्ताच्या गाठीची भीती

चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या खोल शिरेत गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसले. तरीही प्रत्यक्षात प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांत एक इतके कमी आहे. ‘आमचे विमान तर दोनच तासांचे’ असे रुग्ण म्हणतात. पण साताऱ्याहून मुंबई विमानतळापर्यंत गाडीत घालवलेले तास, तिथली वाट पाहणे आणि मग विमान, हे सगळे बसणे एकत्र मोजायचे असते. पूर्वी गाठ झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती, नुकतीच सांध्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांनी प्रवासाआधी डॉक्टरांना भेटावे. दाब देणारे मोजे किंवा रक्त पातळ करणारे औषध लागेल का, हे तेच ठरवतील. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करत राहा आणि सीटबेल्टचा दिवा विझला की एक फेरी मारा.

श्वासाचा त्रास

विमानातली हवा ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असते तशी विरळ असते. फुप्फुसाचा जुना आजार, हृदय कमकुवत असणे किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास तिकीट काढण्यापूर्वीच विचारा. घरचा ऑक्सिजन सिलिंडर परस्पर नेता येत नाही. व्हीलचेअरही तिकीट काढतानाच नोंदवा.

प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज, दुखणे किंवा गरमपणा आला तर तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालयात जा आणि विमानाने आल्याचे तिथे आवर्जून सांगा.