काळा हेर, पांढरा हेर आणि अर्धा पडदा

एकाच माध्यमात जन्मलेली कल्पना दुसऱ्या माध्यमात नेताना नेमके काय न्यावे लागते, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. कादंबरीचे नाटक आणि नाटकाचा चित्रपट होताना आपण तो पुष्कळदा विचारलेला आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये अवतरला आणि २०१२ मध्ये पडद्यावर आला, तेव्हाही तो विचारला गेला. मात्र चित्रमालिकेचा खेळ होतो तेव्हा हा प्रश्न अधिक अवघड बनतो. चित्रपटाला प्रेक्षक लागतो, तर खेळाला खेळाडू लागतो, आणि खेळाडू म्हटला की त्याला जिंकायचे असते. जिंकणेच निरर्थक आहे असे सांगणाऱ्या चित्रमालिकेचे अशा वेळी काय व्हावे? 'स्पाय व्हर्सेस स्पाय' या खेळाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

अंतोनियो प्रोहियास हे क्यूबातील नामवंत व्यंगचित्रकार. क्रांतीनंतर वृत्तपत्रांवर नव्या राजवटीची पकड घट्ट होत गेली. फिडेल कॅस्ट्रोंवर टीका करणाऱ्या प्रोहियास यांच्यावर अमेरिकेचे हेर असल्याचा आळ आला. १९६० च्या मे महिन्यात ते न्यूयॉर्कला आले. इंग्रजी येत नव्हते, म्हणून पोटासाठी कारखान्यात काम धरले. जुलैमध्ये मुलीला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन ते 'मॅड' या विनोदी मासिकाच्या कचेरीत गेले. तिथे त्यांनी दाखवलेली चित्रे जानेवारी १९६१ च्या अंकात छापून आली.

चित्रांत एक हेर काळ्या पोशाखातला, दुसरा पांढऱ्या. टोकदार चोचीसारखे तोंड, रुंद काठाची टोपी, हातात बॉम्ब. रंग सोडला तर दोघांत तसूभर फरक नाही. एक सापळा रचतो, दुसरा तो आधीच ओळखून प्रतिसापळा रचतो. एकदा काळा मरतो, पुढच्या वेळी पांढरा. कोण कोणत्या देशाचा, भांडण कशाचे, हे कधीच कळत नाही. संवाद नाहीत. शीर्षकाखाली मोर्स लिपीतल्या ठिपक्या-रेघांत चित्रकाराचे नाव तेवढे असते. शि. द. फडणीसांची शब्दाविना हसवणारी चित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पाहत आलेल्या वाचकाला या मौनाची ताकद वेगळी सांगायला नको. फडणीसांचे मौन मात्र प्रसन्न आहे. प्रोहियास यांच्या मौनाला हद्दपारीची धार आहे: ज्याच्यावर हेरगिरीचा आळ घेतला गेला, त्याने हेरगिरीचेच हसे करून सोडले.

१९८४ मध्ये अमेरिकेतील फर्स्ट स्टार सॉफ्टवेअर या कंपनीने कमोडोर ६४, अटारी अशा घरगुती संगणकांसाठी या मालिकेवर खेळ काढला. त्याची रचना मायकेल रिडेल यांची. परकीय वकिलातीच्या खोल्यांत पारपत्र, पैसे, किल्ली आणि गुप्त कागद लपवलेले आहेत. ते एका ब्रीफकेसमध्ये गोळा करून वेळ संपण्याआधी विमानतळ गाठायचा. वाटेत प्रतिस्पर्ध्यासाठी कपाटात, दारावर, तसबिरीमागे सापळे लावायचे. प्रत्येक सापळ्याला उतारा आहे: स्प्रिंगला तार कापायची पक्कड, विजेचा प्रवाह सोडलेल्या पाण्याला छत्री, दोरीला बांधलेल्या बंदुकीला कात्री, बॉम्बला पाण्याची बादली. फक्त टाइमबॉम्बला उतारा नाही. मेलेला हेर पुन्हा उठतो, पण त्याच्या घड्याळातला वेळ कापला गेलेला असतो.

रिडेल यांची खरी करामत पडद्याच्या मांडणीत आहे. पडदा आडवा दुभागलेला असून वरच्या अर्ध्यात एक हेर, खालच्या अर्ध्यात दुसरा. दोघे खेळाडू एकाच वेळी, एकाच दूरचित्रवाणी संचासमोर खेळतात. म्हणजे शत्रूचे अर्धे जग डोळ्यांसमोर उघडेच आहे. तो कुठे सापळा लावतो हे दिसते. पण त्याच्याकडे पाहत राहिले तर आपल्या हेराकडे दुर्लक्ष होते. आपण काय करतो हे त्यालाही दिसत असणार, या जाणिवेने हात बिचकतो. शिवाय स्वतः लावलेला सापळा विसरून तेच कपाट उघडले, तर मरण आपलेच. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडणे ही म्हण इथे नियम होऊन बसली आहे.

आपल्याकडचा मोक्षपट आठवतो. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावावर सांगते. त्यातले साप आणि शिड्या पटकर्त्याने आधीच मांडलेल्या असतात. पाप-पुण्याचा हिशेब ठरलेला, आपण फक्त दान टाकायचे. या खेळात साप खेळाडूच एकमेकांसाठी मांडतात. मोक्षपट कर्माचा विचार खेळात आणतो, 'स्पाय व्हर्सेस स्पाय' संशयाचा.

पुढे १९८५ मध्ये बेटावरचा आणि १९८६ मध्ये बर्फाळ प्रदेशातला असे आणखी दोन भाग निघाले. १९८६ मध्येच जपानच्या केम्को कंपनीने पहिला भाग निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रावर आणला. १९९० च्या दशकात येरवड्यापासून कोथरूडपर्यंत ज्या घरांत 'टीव्ही गेम' आला, तो बहुधा याच यंत्राच्या नकलेचा होता. दोन रिमोट, एक 'कॅसेट' आणि शेजारच्या मुलाशी भांडण, हा अनुभव त्या पिढीचा आहे.

मूळ प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. मालिकेत वाचक तिऱ्हाईत असतो, म्हणून दोघांनाही हसू शकतो. खेळात त्याला काळा किंवा पांढरा व्हावेच लागते, आणि जिंकणाराही असतो. या अर्थाने खेळाने मालिकेचा उपहास गमावला. पण त्याच्या मोबदल्यात त्याने दुसरे काही दिले. दोन सारखी माणसे केवळ रंगावरून शत्रू कशी बनतात, हे मालिका दाखवते; खेळात ते आपल्यावरच बेतते. शेजारी बसलेल्या मित्राच्या अर्ध्या पडद्याकडे चोरून पाहणारा मुलगा काही क्षणांपुरता हेर झालेला असतो. पुढच्या डावात रंग बदलले तरी त्याचे वागणे बदलत नाही. प्रोहियास १९८७ पर्यंत हे हेर काढत राहिले आणि १९९८ मध्ये वारले. त्यांच्या रेषेची नक्कल पडद्यावर ओबडधोबडच उतरली. रेषेमागचा विचार मात्र तिथे शाबूत राहिला.