बेवारस बाईचे नाव

परवा नातवाने आग्रह करून एक भयपट दाखवला. 'द ऑटोप्सी ऑफ जेन डो', आंद्रे ओव्रेडाल यांचा, २०१६ सालचा. भुताखेतांचे सिनेमे मी सहसा पाहत नाही. हा मात्र शेवटपर्यंत पाहिला आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. कारण भुताचे नव्हते.

गोष्ट अशी. बाप आणि मुलगा घराच्या तळघरात शवागार चालवतात. एका रात्री पोलीस एका तरुणीचे प्रेत आणून देतात. अनोळखी प्रेताला आपल्याकडे 'बेवारस' म्हणतात, तसे अमेरिकेत बाई असेल तर 'जेन डो'. अंगावर एक ओरखडा नाही. पण शवविच्छेदन सुरू झाल्यावर कळते, की जीभ कापलेली, मनगटे मोडलेली, फुप्फुसे जळून काळी पडलेली. शेवटी १६९३ हे साल सापडते आणि धागा सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांपर्यंत जातो. निरपराध मुलीचा छळ करून लोकांनीच तिला चेटकीण बनवले, असे बापलेकांना वाटते. मग ती सूड घेते.

आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला खरे सेलम आठवत राहिले. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६९२ मध्ये तिथे १९ जणांना फाशी दिली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचे नाकारले, तर त्याला दगडांच्या वजनाखाली मारले. कित्येकींविरुद्ध मुख्य पुरावा काय, तर 'हिची छाया येऊन आम्हाला छळते' ही फिर्यादींची ओरड!

त्यात रेबेका नर्स ही ७१ वर्षांची आजी होती. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला. पंचांच्या प्रमुखाने तिला तिच्याच एका वाक्याचा अर्थ विचारला, ती गप्प राहिली आणि दोषी ठरली. मला कमी ऐकू येते, दुःखाने मन भरून आले होते, प्रश्न समजलाच नाही, असे तिने नंतर कळवले. १९ जुलै १६९२ ला तिला फाशी झाली. हल्ली मलाही प्रश्न दोनदा विचारावा लागतो. झोप उडाली ती इथे.

तिने कुणाचा सूड घेतला नाही. मेलेली माणसे घेत नाहीत. जिवंतांनाच त्यांचे काम करावे लागते. सिनेमा आला त्याच २०१६ साली संशोधकांनी फाशीची नेमकी जागा, प्रॉक्टर्स लेज, निश्चित केली. पुढच्या वर्षी, १९ जुलैलाच, तिथे स्मारक झाले. दोषी ठरलेल्यांची नावे कायद्याने एकेक करून निर्दोष होत आली होती. एलिझाबेथ जॉन्सन ही शेवटची राहिली होती. फाशीतून ती वाचली होती, पण डाग तसाच होता. तो २०२२ मध्ये पुसला गेला, आणि त्यासाठी खटपट केली ती एका शाळेतल्या आठवीच्या वर्गाने, बाईंच्या मार्गदर्शनाखाली.

सिनेमातली बाई शेवटपर्यंत बिननावाचीच राहते. नातवाला मी ही आठवीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, यावर सिनेमा नाही निघणार."

असो. वर्गात सांगायला ती पुरेशी आहे.