डिस्क गोल्फ : साखळ्यांची टोपली आणि नवखा खेळाडू

गोल्फ म्हटले की विस्तीर्ण हिरवळ, क्लबचे महागडे सदस्यत्व आणि काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी डोळ्यांसमोर येतो. डिस्क गोल्फने या खेळाची चौकट घेतली आणि बडेजाव तेवढा गाळला. येथे चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती असते, खळग्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. चकती कमीत कमी फेकींत टोपलीत पोचवायची. अमेरिकेतील बहुसंख्य मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि पुष्कळ ठिकाणी खेळण्यास शुल्क नाही.

या खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक हे फ्रिसबी बनविणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. १९७५ साली कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तेथे प्रारंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही, यावर वाद होत. त्यातूनच साखळ्यांची टोपली निघाली. १९७७ मध्ये तिचे पेटंट मिळाले. हेड्रिक २००२ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा काही चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली!

स्पर्धांची मैदाने अठरा होलची आणि लांब पल्ल्याची असतात. वस्तीजवळच्या उद्यानातील मैदान बहुधा नऊ होलचे असते, टोपली साठ-सत्तर मीटरवर आणि वाटेत झाडी बेताची. अशा मैदानाला अनुभवी खेळाडू काहीसे हिणवतात. पण खेळ शिकावा तो येथेच. प्रत्येक होलला सामान्यतः तीन फेकी अपेक्षित धरल्या जातात, त्याला पार म्हणतात. नवख्याला चार-पाच लागल्या तरी बिघडत नाही.

नवख्याची पहिली चूक दुकानातच होते. लांब जाणारी म्हणून तो ड्रायव्हर जातीची, रुंद व धारदार कडेची चकती उचलतो. १९८३ मध्ये डेव्ह ड्यूनिपेस यांनी निमुळत्या कडेची चकती आणली, तेव्हापासून फेकीचा पल्ला खूप वाढला हे खरे. परंतु ही चकती तरंगण्यासाठी मोठा वेग लागतो. तो न मिळाल्यास ती थोड्याच अंतरावर डावीकडे कोसळते. मग खेळाडू अधिक जोर लावतो, चकतीचे नाक वर उचलले जाते आणि ती आकाशात चढून जागीच गळते. जाड कडेची, संथ उडणारी पटर जातीची एकच चकती नऊही होलना पुरते. तळाशी नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. झुडपात हरवलेली चकती सापडली की खेळाडू एकमेकांना कळवतात.

फेकीचे मर्म जोरात नसून गिरकीत आहे. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत सोडणाऱ्यास हे सांगावे लागणार नाही. उजव्या हाताने, छातीपुढून बाहेर फेकलेली चकती वेग मंदावताच डावीकडे वळते. म्हणून टोपलीच्या किंचित उजवीकडे नेम धरावा. चकती जेथे पडेल तेथून पुढची फेक. टोपलीपासून सर्वांत दूर असलेला आधी फेकतो. दहा मीटरच्या आत आल्यावर फेकीनंतर तोल सावरल्याखेरीज खुणेपुढे पाय टाकता येत नाही. चकती टोपलीत विसावली किंवा साखळ्यांत अडकून राहिली की होल पूर्ण.

या मैदानाची खरी अडचण निराळीच आहे. त्याला कुंपण नसते. त्याच उद्यानात वृद्ध फिरायला येतात, मुले सायकली हाकतात, कोणी गवतावर चादर अंथरते. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची कठीण चकती वेगाने डोक्यात बसली तर इजा गंभीर होऊ शकते, आणि फेकणाऱ्यालाच ती कोठे जाईल याची खात्री नसते. त्यामुळे पादचाऱ्याचा हक्क पहिला. तो पल्ल्याबाहेर जाईपर्यंत थांबायचे, त्याला घाई करायची नाही. चकती भरकटलीच तर गोल्फप्रमाणे ‘फोर’ अशी मोठ्याने हाक द्यायची. टोपलीजवळची जागा मागून येणाऱ्या गटाच्या फेकीच्या टप्प्यात असते. म्हणून गुण तेथे रेंगाळत न लिहिता पुढच्या होलच्या प्रारंभस्थानी जाऊन लिहिण्याचा रिवाज आहे.