अलक्ष्मी कोणाच्या दारात?

लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवीत घरातला केर उंबऱ्याबाहेर लोटायचा आणि अलक्ष्मीला घालवून द्यायचे, हा आमच्या आजीचा नेम. ही अलक्ष्मी जाते तरी कुठे, असे मी एकदा विचारले, तेव्हा "गावाबाहेर" एवढेच उत्तर मिळाले. पण गावाबाहेर दुसऱ्याचे गाव असतेच! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली जवळजवळ हाच प्रश्न उभा राहिला होता, हे पुढे वाचनात आले, तेव्हा मला आजीची आठवण झाली.

फिलाडेल्फिया हे पेनसिल्व्हेनिया राज्यातले शहर डेलावेअर नदीच्या अलीकडे, आणि न्यू जर्सी राज्य पलीकडे. शहराचा केर नदी ओलांडून पलीकडच्या खाजगी उकिरड्यांत पुरला जाई. ते भरत चालले, तेव्हा न्यू जर्सीने १९७३ मध्ये कायदाच केला: परराज्यातला कचरा आत आणायचा नाही. (अपवाद थोडे होते, डुकरांना घालायच्या खरकट्याला मात्र मज्जाव नव्हता!) उकिरड्यांचे मालक आणि फिलाडेल्फिया शहर यांनी न्यायालयाची पायरी चढली. न्यू जर्सीच्या न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि प्रकरण वॉशिंग्टनला गेले.

राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन अमेरिकेच्या घटनेने काँग्रेसकडे सोपवले आहे. एका राज्याने दुसऱ्याचा माल केवळ परका म्हणून अडवू नये, असा अर्थ न्यायालयांनी त्यातूनच काढला. पण कचरा म्हणजे का माल? ज्याला कवडीचीही किंमत नाही, त्याचा व्यापार कसला? न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी सात न्यायाधीशांच्या वतीने उत्तर दिले, की हाही व्यापारच. रोगट गुरे सीमेवर अडवता येतात, कारण त्यांचे येणेच घातक. पण दोन राज्यांचा केर एकदा एकाच खड्ड्यात पडला, की त्यात आपपरभाव कसला? जागा वाचवायची तर सर्वांनाच सारखा आवर घाला. शिवाय आज तुम्ही दार लावाल, पण उद्या तुम्हालाच शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागेल, असेही निकालात सुचवले होते. आणि गंमत पाहा, दहाएक वर्षांतच न्यू जर्सीच्या कचऱ्याच्या मालमोटारी पेनसिल्व्हेनियाची वाट धरू लागल्या!

तरीही विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे म्हणणे माझ्या मनातून जात नाही. स्वतःच्या केराची सोय करावीच लागते, म्हणून साऱ्या जगाचा केर अंगणात घ्यावा, अशी सक्ती कोणत्या न्यायाने? तर्काने पाहावे तर स्ट्यूअर्ट बरोबर. पण अलाबामातील एमेल या खेड्याकडे पाहिले, की तर्काला समाधान वाटत नाही.

हे खेडे समटर परगण्यातले. वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची आणि गरिबांची. तिथे घातक रसायनांचा कचरा पुरण्याचा एक प्रचंड तळ आहे. १९८५ मध्ये तिथे ३,४१,००० टन कचरा आला, १९८९ मध्ये ७,८८,००० टन. पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यापैकी ९० टक्क्यांपर्यंत बाहेरच्या राज्यांचा. म्हणून १९९० मध्ये अलाबामाने सर्वांवर टनामागे २५ डॉलर ६० सेंट कर बसवला आणि बाहेरच्यांवर आणखी ७२ डॉलर. दार लावले नाही, फक्त उंबरा उंच केला! १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जादा आकारणीही, फिलाडेल्फियाचाच दाखला देऊन, रद्द केली. विरोधात उरले एकटे रेनक्विस्ट. तोवर ते सरन्यायाधीश झाले होते.

काँग्रेसने मनावर घेतले, तर राज्यांना बाहेरचा कचरा अडवण्याची मुभा ती कायद्याने देऊ शकते. १९९० नंतर तशी विधेयके कितीदा तरी आली. सरसकट मुभा देणारा कायदा मात्र झाला नाही.