फ्यूमेच्या मासळीबाजाराचा हिशेब

निसर्ग आपला समतोल आपोआप राखतो, हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. वाटाघाटींच्या मेजावर तर ते आम्हाला फार ऐकवले जाते : थोडा धीर धरा, सारे आपसूक ठिकाणावर येईल! तेव्हा हा समतोल म्हणजे नेमके काय, ते एका मासळीबाजाराच्या आकड्यांवरून पाहू.

आद्रियातिक समुद्रावरचे फ्यूमे बंदर म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका. इटालियन प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना यांनी तेथील बाजारात आलेल्या मासळीचे आकडे तपासले. मुशी, पाकट वगैरे जातींचे, म्हणजे बहुधा इतर माशांवर जगणारे, मासे १९१४ साली शेकडा ११.९ होते. महायुद्धात मासेमारी रोडावली, आणि हे प्रमाण १९१५ साली २१.४ वर, १९१८ साली ३६.४ वर गेले. युद्ध संपले, जाळी पुन्हा समुद्रात पडू लागली. १९२३ साली आकडा १०.७! जाळी थांबली तर सगळीच मासळी वाढावी. भक्षकांचाच वाटा एवढा का फुगावा?

दांकोना यांनी हे कोडे आपले सासरे, रोमचे गणिती व्हीतो व्होल्तेरा, यांच्यापुढे ठेवले. १९२६ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. (अमेरिकेत आल्फ्रेड लोट्का यांनी तशीच समीकरणे स्वतंत्रपणे १९२५ साली छापली होती.) गणित आम्ही युनियनच्या कचेरीत पाठकोऱ्या कागदांवर शिकलो, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात, पण मागाहून. भक्षक फार झाले की भक्ष्य खंगते; मग भक्षक उपाशी मरतात आणि भक्ष्य पुन्हा डोके वर काढते. हा रहाट फिरतच राहतो. समतोल म्हणायचा तो त्याच्या सरासरीला. आता जाळे दोघांनाही मारते. पण भक्षकांची मरतूक वाढली की ती भरून निघण्यास समुद्रात भक्ष्य अधिक असावे लागते. आणि भक्ष्याची वाढ जाळ्याने घटली की तेवढ्यावर भक्षक थोडेच पोसतात. म्हणून बेताची मासेमारी भक्ष्याच्या पथ्यावर पडते, आणि ती थांबली की मुशीचे फावते.

अर्थात बाजारातला मासा म्हणजे समुद्रातला मासा नव्हे. युद्धकाळात कोणी कोठे जाळे टाकले, यानेही आकडा हलतो. आकडा कोणाच्या वहीतला, हे आधी विचारण्याची खोड आम्हाला या कामाने लावली आहे.

व्होल्तेरांविषयी आम्हाला आदर आहे तो केवळ समीकरणांमुळे नाही. १९३१ साली फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचे फर्मान निघाले. बाराशेंहून अधिक प्राध्यापकांत ती नाकारणारे डझनभरच निघाले. व्होल्तेरा त्यांतले एक. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने आपली जागा गमावली.

कागदावरचा रहाट खरोखर फिरतो काय? मॉस्कोत गाउझे यांनी काचनळीत पॅरामेशियम हे सूक्ष्मजीव आणि त्यांना खाणारे डिडिनियम एकत्र ठेवून पाहिले. १९३४ साली त्यांचे पुस्तक निघाले. डिडिनियमांनी सारे पॅरामेशियम फस्त केले आणि मग स्वतः उपासमारीने मेले. तळाशी दडायला गाळ दिला, तेव्हा भक्षक मेले आणि दडलेले भक्ष्य वाचून पुढे वाढले. ठराविक दिवसांनी बाहेरून दोन्ही जीव थोडे थोडे आणून सोडले, तेव्हाच काय तो रहाट काही फेरे फिरला.