बॅटरीवरचा आकडा आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या देवळ्यात पाचकंदील नावाचा चौक आहे. कंदील घराघरांतून केव्हाच गेले, चौकाचे नाव मात्र राहिले. त्या चौकावरून जाताना मला नेहमी वाटते, की आपल्या गावांचा इतिहास उजेडाच्या साधनांवरूनही सांगता येईल. आधी कंदील, मग तीन सेलची लांबडी टॉर्च आणि आता कपाळाला बांधायची चार्जिंगची बॅटरी. आज या शेवटच्या साधनाविषयी आणि त्याच्यावर छापलेल्या आकड्यांविषयी बोलायचे आहे.

आठवडे बाजारात अशा बॅटऱ्यांचा ढीग मांडलेला असतो. मी एक उचलून आतला सेल काढून पाहिला. त्यावर 9900 मिलीअँपिअर-तास असे छापले होते. सेल नेहमीच्या मापाचा, 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण दोन हजार ते साडेतीन हजार असते. तीन लिटरच्या कळशीवर कुणी नऊ लिटर लिहावे, तसा हा प्रकार. मी विक्रेत्याला विचारले, तर तो म्हणाला, "सर, आकडा कोण बघतो? उजेड बघा."

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज म्हणजे काय, हे कसमादे पट्ट्यात कुणाला सांगायला नको. रात्री दोन वाजता कांद्याला पाणी भरायला गेलेल्या माणसाला उजेड चार तास पुरेल असे वाटत असते आणि तो दीड तासात विझतो. बांधावर साप असतो, उसात बिबट्या असतो. खोटा आकडा तेव्हा नुसती फसवणूक राहत नाही, तो जिवाशी येतो.

मला स्वतःला हे शहाणपण जरा उशिराच आले. आमच्याकडे डाळिंबाच्या फवारणीचा पाठीवरचा पंप आहे. त्याची मूळ बॅटरी 12 व्होल्टची, शिसे-आम्लाची, चांगली जड. ती बसली तेव्हा एका दुकानदाराने हलकी लिथियमची बॅटरी जोडून दिली. निम्म्या वजनाची, किंमतही परवडणारी. चार्जर मात्र जुनाच ठेवला. कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. आठवड्याभरात एका रात्री पडवीतून उग्र वास आला. नाना, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, जागे होते म्हणून बरे. बॅटरी फुगून धुमसत होती. त्यांनी आधी प्लग काढला, मग फावड्याने पंप अंगणात ओढून त्यावर वाळू टाकली. पडवीला लागूनच कांद्याची चाळ होती.

नंतर समजून घेतले तेव्हा कारण साधे निघाले. शिसे-आम्लाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर सुमारे साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतो. आमच्या नव्या बॅटरीत लिथियमच्या सेलच्या तीन पायऱ्या होत्या. अशा प्रत्येक सेलची भरण्याची कमाल मर्यादा 4.2 व्होल्ट, म्हणजे तिन्हींची मिळून 12.6. त्याच्या वर वीज ढकलली, की सेल आतून तापतो. एरवी अशा वेळी पुरवठा तोडणारी छोटी संरक्षक पट्टी बॅटरीत असते. आमच्या बॅटरीत ती नव्हती. दुकानदाराकडे गेलो, तर त्याने विचारले, "पावती आहे का?" पावती नव्हती. मागितलीच नव्हती. बॅटरीवर बनवणाऱ्याचे नाव नव्हते, मानकाचा क्रमांक नव्हता, नुसता व्होल्टचा आकडा होता.

अशा वेळी जुन्या काळची आठवण येते. आमच्या लहानपणी घरोघरी हवा भरायचा रॉकेलचा स्टोव्ह असे. स्टोव्हचा भडका उडून बाई भाजल्याची बातमी वर्तमानपत्रात नेहमीची होती. भारतीय मानक संस्था 1947 मध्येच स्थापन झाली होती आणि प्रमाणन चिन्हाचा कायदा 1952 मध्ये झाला होता. तरी बाजारात जाऊन "आयएसआय आहे का?" असे विचारायची सवय लागायला पुढची कितीतरी वर्षे गेली. ती सवय कायद्याने आपोआप लागली नाही. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि गिऱ्हाइकाने विचारायचे असते, हे मराठी मध्यमवर्गाला हळूहळू उमगले. त्यानंतर 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती 1991 मध्ये, जपानच्या सोनी कंपनीची. वजनाला हलकी, साठवण भरपूर. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तिच्या पोटातला द्रव ज्वालाग्राही असतो आणि दोन ध्रुवांमध्ये केसापेक्षाही पातळ पडदा असतो. तो पडदा फाटला, की एक सेल तापतो, त्याच्या धगीने शेजारचा पेटतो आणि मग साखळी थांबत नाही.

सामान्य भारतीय माणसाला याची पहिली जाणीव झाली ती 14 ऑगस्ट 2007 रोजी. बीएल-5सी या बॅटरीतला एक साठा चार्जिंगच्या वेळी तापू शकतो, असे नोकियाने त्या दिवशी जाहीर केले. डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या त्यात होत्या. तेव्हा ज्याच्या त्याच्या खिशात नोकिया. फोनचा स्फोट होतो अशा अफवा उठल्या आणि सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. मीही फोनचे मागचे झाकण काढून बॅटरीवरचा सव्वीस अक्षरांचा क्रमांक चष्मा लावून वाचला होता. माझी बॅटरी त्या साठ्यातली नव्हती. पण बॅटरीला पाठ असते आणि त्या पाठीवर वाचण्यासारखे काही असते, हे लाखो लोकांना त्या आठवड्यात कळले. क्रमांक होता म्हणूनच सदोष माल कोणता आणि चांगला कोणता हे निवडता आले. आमच्या फवारणी पंपाच्या बॅटरीबाबत तसे काहीच करता आले नसते.

सरकारने 2012 मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. सुरुवातीला त्यात पंधरा वस्तू होत्या. 2014 च्या नोव्हेंबरात मोबाइल फोन, पॉवर बँक आणि हाताळत्या उपकरणांच्या बॅटऱ्या यांची भर पडली. बॅटरीचे मानक आयएस 16046. वस्तूवर हा मानकाचा क्रमांक आणि 'आर' या अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक हवा.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आयएसआय चिन्हाच्या पद्धतीत मानक ब्युरोची माणसे कारखाना तपासतात. या नोंदणीत उत्पादक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतो आणि आपला माल तसाच असल्याची ग्वाही स्वतः देतो. शिवाय ही चाचणी सुरक्षेची आहे. क्षमतेचा आकडा खरा असल्याचा तो दाखला नव्हे. दहा हजारांच्या पॉवर बँकेवर अनेकांचा राग असतो, तो यातूनच. ते दहा हजार आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेले असतात. फोनला वीज 5 व्होल्टने जाते, म्हणजे गणिताने 7400 झाले. वाटेतली उष्णता वजा करता हाती साधारण सहा हजार येतात. प्रामाणिक कंपनी हा दुसरा आकडाही बारीक अक्षरांत छापते. तो वाचावा.

मग आली विजेची दुचाकी. 26 मार्च 2022 रोजी पुण्यात लोहगावला रस्त्याकडेची स्कूटर पेटल्याचे चित्रण देशभर फिरले. दोनच आठवड्यांनी, 9 एप्रिलला, आमच्या नाशिकमध्ये पाथर्डीजवळ स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली. चाळीसपैकी वीस गाड्या जळाल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईला मात्र घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला.

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. वाहनांची ही मानके तयार करण्याचे काम ज्या संस्थेमार्फत चालते, ती एआरएआय पुण्याच्या टेकडीवरच आहे. दुचाकीच्या बॅटरीचे मानक एआयएस-156 कडक झाले. त्याचा पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. सेलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष हवे, एक सेल पेटला तर आग पसरते का याची चाचणी हवी, धोका होण्याआधी आवाज आणि दिवा यांनी इशारा मिळायला हवा, अशा अटी आल्या.

क्रम पाहिला तर जुनाच आहे. आधी कुणीतरी भाजते, मग नियम येतो. नियम आल्यावरही तो बाजारात उतरतो तो गिऱ्हाइकाने विचारले तरच. नोंदणीचा क्रमांक कुणीही छापू शकतो, पण तो कुणालाही तपासताही येतो. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये 'आर' क्रमांक टाकला, की उत्पादकाचे नाव दिसते. ते नाव आणि हातातल्या वस्तूवरचे नाव जुळत नसेल, तर वस्तू परत ठेवावी. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. 2020 च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई उत्पादकाकडे आणि विक्रेत्याकडेही मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्कही नाही. मात्र पावती हवी.

आमच्या पंपाला आता पुन्हा शिसे-आम्लाचीच बॅटरी आहे. जड आहे, पण चार्जर तिचा तिला आहे. नाना तो दिवसा, अंगणात, डोळ्यांसमोर लावतात. दुकानदाराकडून मी पावती घेतली, तेव्हा त्याला बिलबुक शोधायला पाच मिनिटे लागली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघा शेतकऱ्यांनीही मग आपापली पावती मागितली.