इंग्रजी अध्यापन, माध्यमिक (राहुरी)

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरीच्या मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी ही तृतीय भाषा असून दहावीची परीक्षा राज्य मंडळाच्या पुणे विभागामार्फत होते. राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्यापूर्वी ती पाचवीपासून असे. दहावीच्या लेखी परीक्षेस ८० व अंतर्गत मूल्यमापनास २० गुण असतात. कवितेच्या रसग्रहणात कवी, यमकरचना, अलंकार व मध्यवर्ती कल्पना लिहावी लागते. ऊसशेतीच्या या पट्ट्यात अनेक मुलांच्या कानी इंग्रजी पडते ती वर्गातच. म्हणून प्रकट वाचन, संवाद व नाट्यीकरणाला तासिकेत हक्काचा वेळ देणे अगत्याचे ठरते. साहित्याची गोडी गाइडच्या पाठांतराने नव्हे, ऐकण्याबोलण्याने लागते.